दोन अब्ज चौदा कोटी आणि एक ऑयलर

सेकंड इयरला असताना सी लॅबमध्ये माझा एक प्रोग्रॅम वेड्यासारखा वागला. काम अगदी साधं होतं. १ पासून सुरू करून ओळीने आकडे मिळवत जायचे आणि बेरीज छापायची. ६५५३५ पर्यंत सगळं ठीक चाललं. बेरीज आली २१४७४५०८८०. पुढचा आकडा ६५५३६ मिळवला आणि स्क्रीनवर आलं वजा २१४७४५०८८०. म्हणजे खात्यात दोन अब्जांच्या वर रुपये असताना आणखी पासष्ट हजार भरायला जावं आणि बँकेने तेवढीच उधारी नावावर दाखवावी, तसं. मला वाटलं, कुठेतरी सेमीकोलन खाल्ला असेल. मॅडम हसल्या. त्यांनी सांगितलं की इंटला बत्तीस बिट मिळतात, त्यातलं एक अधिक-उण्याच्या चिन्हात जातं, उरली एकतीस घरं. त्या एकतीस घरांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. आकड्यांत २१४७४८३६४७. त्याच्या पुढे गेलं की काटा उलटा फिरतो. मी ते जर्नलमध्ये उतरवलं, सही घेतली आणि विषय संपला.

पण तो संपला नव्हता. गेल्या दिवाळीत तो परत आला, आणि त्याच्यामागून लिओनार्ड ऑयलर आला. त्याचीच गोष्ट सांगणार आहे. (नाव ऑयलर असं आहे बरं का! मी एफईपासून युलर, युलर करत होते. एका ओरलला एक्स्टर्नलनी सगळ्यांसमोर सुधारलं, तेव्हापासून विसरले नाही.)

आपल्याला हा माणूस पहिल्या सेमपासून छळतो. एम-वनला त्याचं होमोजिनियस फंक्शनचं थिअरम, कॉम्प्लेक्स नंबरला त्याचा फॉर्म्युला, न्यूमेरिकल मेथड्समध्ये त्याची मेथड. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना तर कॉलम कधी वाकेल याचा फॉर्म्युलाही त्याचाच आणि टर्बाइनचं इक्वेशनही त्याचंच. माझी एम-थ्रीची केटी लागली तेव्हा मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्याची आता जाहीर माफी मागते.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला. वडील पाद्री, पण गणिताची गोडी असलेले. तरुणपणी त्यांनी याकोब बर्नुली या मोठ्या गणितज्ञाची लेक्चर्स ऐकली होती. तरी मुलानेही पाद्रीच व्हावं अशी त्यांची इच्छा. मुलगा तेराव्या वर्षी युनिव्हर्सिटीत गेला. तिथे याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली शिकवत होता. तो वेळ द्यायला तयार नव्हता. पुस्तकं आपली आपण वाच, अडलं तर शनिवारी दुपारी येऊन विचार, एवढीच सवलत त्याने दिली. ऑयलर आठवडाभर वाचायचा आणि शनिवारी विचारायला फार थोडं उरलेलं असावं म्हणून धडपडायचा. योहानला लवकरच कळलं की हे पोर वेगळं आहे, आणि त्यानेच वडिलांना समजावलं की याला गणित करू द्या.

विसाव्या वर्षी, म्हणजे आज मी आहे त्या वयात, ऑयलरच्या खात्यात दोन निकाल जमा होते आणि दोन्ही पहिल्या नंबरचे नव्हते. पॅरिसच्या अकादमीने जहाजावर डोलकाठ्या कुठे बसवाव्यात यावर निबंध मागवले होते. बाझलला समुद्र नाही. तरीही त्याने गणिताच्या जोरावर निबंध पाठवला. बक्षीस पिएर बुगेर याला मिळालं, ऑयलरला उत्तेजनार्थ. (पुढे त्याच अकादमीची बक्षिसं त्याने बारा वेळा घेतली.) दुसरा निकाल म्हणजे बाझलमध्येच फिजिक्सच्या प्रोफेसरची जागा निघाली, त्याने अर्ज केला आणि ती मिळाली नाही.

मग रशियातून बोलावणं आलं. सेंट पीटर्सबर्गला नवीन अकादमी निघाली होती आणि योहानचा मुलगा डॅनियल बर्नुली आधीच तिथे होता. हा डॅनियल म्हणजे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सवाला बर्नुली. त्याने मित्रासाठी शब्द टाकला. जागा होती वैद्यक विभागातली! हव्या त्या ब्रांचला ॲडमिशन मिळत नाही हे दुःख तीनशे वर्षं जुनं आहे. ऑयलरने काही महिने शरीरशास्त्र वाचलं आणि १७२७ च्या एप्रिलमध्ये घर सोडलं. ऱ्हाइन नदीतून होडीने, मग टपालगाडीने, मग जहाजाने असा तो रशियात पोचला. त्याच सुमाराला तिथली सम्राज्ञी वारली आणि अकादमीचे वाईट दिवस सुरू झाले. त्याने काही काळ रशियन आरमारात वैद्यकीय अधिकारी म्हणूनही नोकरी केली. १७३३ साली डॅनियल कंटाळून बाझलला परत गेला आणि गणिताची मुख्य जागा ऑयलरकडे आली. पुढच्याच वर्षी कॅथरिना ग्झेल या चित्रकाराच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. त्यांना तेरा मुलं झाली. बालपण ओलांडून जगली ती पाच. मुलं अंगाखांद्यावर खेळत असताना तो पेपर लिहायचा असं सांगतात. हॉस्टेलवर शेजारच्या रूममध्ये गाणी लागली की आपला अभ्यास होत नाही, ते आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मोठ्या संख्यांशी त्याची पहिली झटापट इथलीच. क्रिश्चियन गोल्डबाख नावाच्या मित्राने १७२९ च्या डिसेंबरात पत्रातून एक प्रश्न टाकला. शंभर वर्षांपूर्वीच्या फर्मा या फ्रेंच माणसाला असं वाटत होतं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा एका विशिष्ट रांगेतल्या सगळ्या संख्या मूळ संख्या आहेत. मूळ संख्या म्हणजे प्राइम नंबर, जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही. या रांगेतली पुढची संख्या २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७. गंमत म्हणजे आधीच्या पाचही जणांचा गुणाकार करून त्यात २ मिळवले की हीच येते. आणि आपल्या लॅबमधल्या २१४७४८३६४७ ची दुप्पट करून ३ मिळवले तरी हीच येते. फर्माने तिला भागून बघायचा कंटाळा केला असावा. ऑयलरने आधी विचार केला की हिला भाजक असलाच तर तो कसा दिसेल. त्याने सिद्ध केलं की त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. मग त्या जातीच्या मूळ संख्या घ्यायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच भाग गेला. ६४१ गुणिले ६७००४१७. साल होतं १७३२. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गाढवासारखं भागत सुटायचं नाही, आधी दाराशी चाळणी लावायची.

१७३५ साली त्याने एक प्रश्न सोडवला ज्यावर खुद्द बर्नुली बंधू अडले होते. १, एक चतुर्थांश, एक नवमांश, एक सोळांश अशा वर्गांच्या व्यस्तांची न संपणारी बेरीज किती? उत्तर आलं पायचा वर्ग भागिले सहा. जिथे कुठेही वर्तुळ नाही तिथे पाय आला. युरोपभर नाव झालं. पण त्याच वर्षी तापाने त्याला मरणाच्या दारात नेऊन आणलं, आणि १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशे बनवण्याच्या किचकट कामाने डोळा गेला अशी त्याची स्वतःची समजूत होती. आता लक्ष विचलित व्हायची कारणं निम्म्याने कमी झाली, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्याने ते सोडून दिलं म्हणतात.

१७४१ ते १७६६ अशी पंचवीस वर्षं तो बर्लिनला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या अकादमीत होता. काम प्रचंड झालं. १७४८ चं त्याचं ॲनालिसिसचं पुस्तक अजून नावाजलं जातं. फंक्शनला एफ ऑफ एक्स लिहिणं, ई हे अक्षर, बेरजेचं सिग्मा चिन्ह हे सगळं त्याचं, आणि पाय हे चिन्ह सगळीकडे रुजलं तेही त्याच्यामुळे. पण राजाला गप्पा रंगवणारे, शेरेबाजी करणारे लोक आवडायचे. हा आपला साधा, देवभोळा, घरात रमणारा माणूस. राजाने त्याच्या एका डोळ्यावरून ग्रीक कथेतल्या एकडोळ्या राक्षसाची उपमा दिली. अकादमीचा कारभार वर्षानुवर्षं ऑयलर बघत होता, पण अध्यक्षपद त्याला द्यायचं राजाच्या मनात आलं नाही. शेवटी रशियाच्या दुसऱ्या कॅथरिनने बोलावलं आणि साठीला टेकलेला ऑयलर कुटुंबासकट सेंट पीटर्सबर्गला परतला.

इथून पुढचा भाग मी दिवाळीत घरी बसून वाचला, आणि तो मी एकटीने वाचला नाही.

माझे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अजून त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखतात. काचबिंदूने त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्याचंही कमी झालं, आता उजेड-अंधार आणि माणसाची सावली एवढंच कळतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यात गेलेली नजर परत येत नाही. तेव्हापासून आजोबा बोलायचेच बंद झाले होते. रेडिओ लावला तर बंद कर म्हणायचे. पेपर वाचून दाखवते म्हटलं तर नको. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांची तोंडं उघडली तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आईने फोनवर सांगितलं होतं, पण बघितल्यावर पोटात गोळा आला.

मला काय बोलावं सुचेना. म्हणून मी माझ्या लॅबमधल्या प्रोग्रॅमची फजिती सांगितली. ती संख्या वाचून दाखवली, इंग्लिशमध्ये, टू वन फोर सेव्हन करत. आजोबांनी तोंड न वळवता विचारलं की मराठीत किती होतात ते सांग. आता माझी पंचाईत. मी कॉन्व्हेंटची. मला पन्नासच्या पुढे मराठी आकडे नीट येत नाहीत, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत दर वेळी गोंधळ होतो. मी अडखळत राहिले. मग त्यांनीच सावकाश म्हटलं: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकदा ऐकलेले दहा आकडे! आणि मग विचारलं, की ही मूळ संख्या आहे का. मी फोनवर शोधलं. तिथे ऑयलर सापडला.

तर १७६६ मध्ये रशियाला परतल्यावर ऑयलरच्या उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. थोड्याच दिवसांत त्याला जवळजवळ काही दिसेनासं झालं. मोठ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत खडूने काही लिहिलं तर जेमतेम कळायचं. त्याने बीजगणिताचं एक पुस्तक तोंडी सांगून लिहून घेतलं. लिहिणारा त्याचा नोकर होता, पेशाने शिंपीकाम शिकलेला. सांगता सांगता त्या नोकराला बीजगणित यायला लागलं, तेव्हा ऑयलरला खात्री पटली की पुस्तक जमलंय. पुढे त्याचा मुलगा योहान आल्ब्रेख्ट आणि क्राफ्ट, लेक्सेल, फूस असे तरुण त्याचे डोळे झाले. तो बोलायचा, ते लिहायचे. दोन मदतनिसांची उत्तरं पन्नासाव्या दशांश स्थळावर जुळेनात, तेव्हा त्याने मनात हिशोब करून कोण चुकलं ते सांगितलं, अशी गोष्ट आहे. व्हर्जिलचं ईनिड हे लॅटिन महाकाव्य त्याला सबंध पाठ होतं. लहानपणी वापरलेल्या प्रतीच्या कुठल्या पानावर पहिली ओळ कोणती आणि शेवटची कोणती हेसुद्धा तो सांगायचा.

हे वाचत असताना आजोबा वळले. त्यांनी मला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही नावं ऐकली आहेत का म्हणून विचारलं. मी ऐकली नव्हती. पावाचा, अर्ध्याचा, दीडचा पाढा. पूर्वी पोरांना हे सगळं तोंडपाठ असायचं. त्यांनी मला दिडकी म्हणून दाखवली. तीन महिन्यांत ते एवढं सलग बोलले नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

१७७१ साल ऑयलरवर कोसळलंच. शहरात मोठी आग लागली आणि त्याचं घर पेटलं. दिसत नसलेला माणूस आत अडकला. पेटर ग्रिम नावाचा बाझलचाच एक कारागीर आत घुसला आणि त्याला उचलून बाहेर घेऊन आला. हस्तलिखितं बरीचशी वाचली, घर गेलं. त्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते यशस्वी झालं! थोडे दिवस त्याला पुन्हा दिसलं. मग डोळ्यात संसर्ग झाला, फार वेदना झाल्या आणि होतं तेही गेलं. मिळून गेलेली नजर.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १७७२ मध्ये, पासष्ट वर्षांच्या ऑयलरने पत्रातून कळवलं की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

आता यात विशेष काय ते सांगते. मेर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने १६४४ साली एक यादी दिली होती. २ चा कुठला तरी घात घ्यायचा आणि १ वजा करायचा, तर कोणत्या घातांना मूळ संख्या मिळते त्याची. यादीत ३१ होता, पण पुरावा नव्हता, आणि नुसत्या यादीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण त्यातले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे निघाले. म्हणजे खरोखर तपासायला हवं. साध्या रीतीने तपासायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. अशा संख्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत. तेवढे दहा-दहा आकडी भागाकार! कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही आणि डोळेही नाहीत.

इथे ती चाळणी पुन्हा कामाला आली. पहिली जाळी फर्माच्या काळची: भाजकाला ३१ ने भागलं तर बाकी १ उरली पाहिजे. दुसरी जाळी: भाजकाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरू शकते. छोट्या उदाहरणावर बघा. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. दोघांनाही ११ ने भागा, बाकी १. दोघांना ८ ने भागा, २३ ची बाकी ७ आणि ८९ ची १. दोन्ही जाळ्या एकावर एक ठेवल्या की ३१ साठी नियम मिळतो: भाजकाला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ च उरले पाहिजेत. पावणेपाच हजारांतून सुमारे साठावा हिस्सा शिल्लक राहतो, शंभराच्या आत. एवढे भागाकार केले, एकालाही भाग गेला नाही. सिद्ध.

त्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप सिद्ध झाली. ६ चे भाजक १, २, ३ मिळवले की ६ च होतात. २८ चंही तसंच. यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी दाखवलं होतं की अशी एकेक मूळ संख्या सापडली की तिच्यापासून एकेक परिपूर्ण संख्या तयार होते, आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्याच मार्गाने येत नाहीत हे दाखवलं ऑयलरने. या वेळी मिळालेली परिपूर्ण संख्या एकोणीस आकडी होती: २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो नावाच्या इंग्रजाने १८११ साली लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कोणी शोधणारच नाही, कारण तिचा उपयोग काही नाही आणि एवढा खटाटोप कोण करेल. ऑयलरची मूळ संख्या पुढची पाऊणशे वर्षं तरी जगातली सर्वात मोठी माहीत असलेली मूळ संख्या होती. पण खटाटोप करणारे निघालेच. १८७६ साली ल्युका याने एकोणचाळीस आकडी गाठली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये याच जातीची जी सापडली तिला चार कोटी दहा लाखांहून जास्त आकडे आहेत.

आणि उपयोगाचं म्हणाल तर ऑयलरची संख्या आज प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१४ साली यूट्यूबवर गंगनम स्टाइल हे गाणं इतक्या वेळा बघितलं गेलं की आकडा २१४७४८३६४७ च्या पुढे गेला आणि त्यांना मोजणी चौसष्ट बिटची करावी लागली. जुन्या बत्तीस बिटच्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ती मोजणी इथेच येऊन थांबते. १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला काटा उलटा. तेव्हा आपण नोकरीत असू आणि ते निस्तरायला बहुतेक आपल्यालाच बसवतील!

ऑयलरची बायको कॅथरिना १७७३ मध्ये गेली. काम थांबलं नाही. त्याच्या एकूण साडेआठशेच्या वर लेखनांपैकी जवळपास निम्मं दृष्टी गेल्यानंतरचं आहे. १८ सप्टेंबर १७८३ चा दिवसही नेहमीसारखाच गेला. सकाळी त्याने नातवंडाला गणित शिकवलं. फ्रान्समध्ये नुकताच हवेत उडालेला फुगा कसा वर चढतो त्याचा हिशोब केला. जेवताना लेक्सेलशी नव्या सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल बोलला. दुपारी नातवाशी खेळता खेळता त्याला मेंदूचा झटका आला आणि रात्रीपर्यंत तो गेला. वय शहात्तर. अकादमी त्याचे शिल्लक पेपर पुढे जवळजवळ पन्नास वर्षं छापत होती.

हा शेवटचा भाग वाचताना मला भीती वाटली होती की आजोबांना वाईट वाटेल. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले की त्या यादीतला पहिला भाजक सांग. मी मोजलं. २४९ ला ३ ने भाग जातो, तो बाद. पहिला खरा उमेदवार ३११. त्यांनी डोळे मिटले, सवयीने. मी एकेक आकडा सांगत गेले, त्यांनी दर वेळी बाकी मनात धरून ठेवली. आधी दोनशे एक्याऐंशी, मग पंधरा, असं करत शेवटी भागाकार आला ६९०५०९२ आणि बाकी ३५. मी कॅल्क्युलेटरवर बघितलं. बरोबर. मग १३०३ घेतला, बाकी २२६. मग १४८९, बाकी १९९. एक आकडा चुकला नाही. आईने जेवायला हाक मारली तेव्हा ते चिडले, मध्येच हाक मारली म्हणून. त्यांचं ते चिडणं ऐकून आम्हाला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

त्यांची नजर येणार नाही. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. आमच्या यादीचं उत्तरही सगळ्या जगाला अडीचशे वर्षांपासून माहीत आहे. माझ्या प्रोग्रॅमला ते शोधायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. तरी दर रविवारी संध्याकाळी मेसला जायच्या आधी मी घरी फोन लावते. अभ्यास कसा चाललाय वगैरे विचारून झालं की आजोबा घसा साफ करतात आणि आजचा भाजक मागतात. मी तो मराठीत सांगते. मध्ये चुकले तर ते थांबवतात आणि परत म्हणायला लावतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर आता चुकत नाहीत. यादी बरीच बाकी आहे, आणि आम्हाला घाई नाही.